मेमरी बॅरियर लिहिताना त्याचा जोडीदार कोण, हे तुम्ही लिहून ठेवता का?

शून्यसंदर्भ

मंडळी, एका ड्रायव्हरवरून आमच्या टीममध्ये वाद पेटलाय. इथल्या कर्नलवाल्यांचं मत हवंय. (नवख्यांसाठी: मेमरी बॅरियर म्हणजे त्याच्या आधीचे आणि नंतरचे रीड-राइट यांचा क्रम पाळायला लावणारी सूचना. जोडीदार म्हणजे दुसऱ्या बाजूला त्याला साथ देणारी क्रमाची व्यवस्था.)

ड्रायव्हरमध्ये एक रिंग बफर (तीच जागा फिरून वापरणारी रांग) आहे. इंटरप्ट हँडलर त्यात नोंद भरतो आणि 'हेड' पुढे सरकवतो. दुसऱ्या बाजूला एक कर्नल थ्रेड हेड बघतो, ते पुढे गेलेलं दिसलं की नोंद वाचतो आणि 'टेल' सरकवून जागा मोकळी करतो. एक्स८६ (इंटेल-एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर) वर हे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. तोच कोड ६४-बिट आर्म बोर्डावर नेला आणि अधूनमधून थ्रेडच्या हाती जुनीच नोंद पडू लागली. हेड नवं, नोंद मात्र मागच्या फेरीची.

आधी कुणीतरी भरणाऱ्या बाजूला, नोंद आणि हेड यांच्या मध्ये, एसएमपी_डब्ल्यूएमबी (फक्त राइटचा क्रम राखणारा बॅरियर) टाकला. प्रमाण कमी झालं पण बग गेला नाही. मग फर्मान निघालं की जिथे शंका येईल तिथे एसएमपी_एमबी (रीड आणि राइट दोन्हींचा क्रम राखणारा पूर्ण बॅरियर) टाका, दोन्ही बाजूंना, सगळीकडे. बग थांबला.

मला हे फर्मान मान्य नाही. इतक्या बॅरियरांपैकी नेमका कोणता काम करतोय हे आता कुणालाच सांगता येत नाही. उद्या कुणी दोन ओळी वरखाली केल्या तर काय मोडेल, तेही सांगता येणार नाही. माझं म्हणणं असं की प्रत्येक बॅरियरच्या डोक्यावर कॉमेंट हवी: तो कोणत्या दोन रीड-राइटचा क्रम राखतो आणि त्याचा जोडीदार कोणत्या फंक्शनमध्ये बसलाय. जोडीदार सांगता येत नसेल तर तो बॅरियर तिथे नको.

तुमच्याकडे काय पद्धत आहे?

मूकवाचक

वाचतोय. या विषयावर मराठीत धागा बघून फार बरं वाटलं.

रात्रपाळी

शंभर टक्के सहमत. लिनक्सची पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्टसुद्धा कॉमेंट नसलेला बॅरियर दिसला की इशारा देते. तो इशारा गप्प करायला '// मेमरी बॅरियर' असं लिहिणारे मी पाहिलेत. त्याचा शून्य उपयोग.

तुमचा पहिला उपाय अर्धवट का पडला ते सांगतो. टाळी एका हाताने वाजत नाही. डब्ल्यूएमबीने भरणाऱ्याची बाजू बांधली: नोंद आधी, हेड नंतर. वाचणारा मात्र मोकळाच राहिला. त्याच्या कोडमध्ये 'हेड पुढे गेलं असेल तर नोंद वाच' असा 'इफ' आहे, म्हणून आपल्याला वाटतं की हेड वाचल्याशिवाय नोंद वाचली जाणार नाही. प्रोसेसर तसं थांबत नाही. हेडची किंमत दुसऱ्या कोअरच्या कॅशमधून यायला वेळ लागतोय म्हटल्यावर तो 'इफ' खरा ठरेल असा अंदाज बांधतो आणि नोंद वाचून ठेवतो. नोंद स्वतःच्या कॅशमध्ये पडलेली असते, अर्थात जुनी. मग हेड येतं, ते नवं असतं, अंदाज बरोबर ठरतो आणि जुनी नोंद तशीच वापरली जाते. 'इफ'ने रीडनंतरच्या राइटचा क्रम राखला जातो, रीडनंतरच्या रीडचा नाही. म्हणून वाचणाऱ्या बाजूला, 'इफ'च्या आत, एसएमपी_आरएमबी (फक्त रीडचा क्रम राखणारा बॅरियर) हवा.

एक्स८६ वरही असे आगाऊ रीड होतात. पण मधल्या काळात ती कॅश लाइन दुसऱ्याने बदलली तर प्रोसेसर ते रीड फेकून देतो आणि पुन्हा करतो. आर्मवर ही हमी नाही.

तिसरा_बिट

माझा एक प्राथमिक प्रश्न. हेडला 'व्होलटाइल' लावलं तर भागत नाही का? मायक्रोकंट्रोलरवर आम्ही तेच करतो.

कर्नलगिरी

@तिसरा_बिट, प्रश्न प्राथमिक असला तरी महत्त्वाचा आहे. व्होलटाइल फक्त कम्पायलरला सांगतं की हे रीड-राइट गाळू नकोस, एकत्र करू नकोस, आणि इतर व्होलटाइल रीड-राइटच्या पुढेमागे नेऊ नकोस. साध्या रीड-राइटबद्दल ते काहीच बोलत नाही आणि प्रोसेसरपर्यंत तर ते पोचतच नाही. एकच कोअर असलेल्या मायक्रोकंट्रोलरवर भागतं, कारण तिथे इंटरप्ट आणि मुख्य कोड एकाच कोअरवर चालतात आणि कोअरला स्वतःचे राइट नेहमी क्रमानेच दिसतात. दोन कोअर आले की तो आधार संपला.

कर्नलमधले रीड_वन्स आणि राइट_वन्स (वाटून घेतलेली जागा वाचायचे-लिहायचे मॅक्रो) आतून व्होलटाइलच वापरतात, पण प्रत्येक वापराच्या जागी, व्हेरिएबलच्या घोषणेत नाही. वाचताना लगेच कळतं की ही जागा दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतलेली आहे.

यात भर म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर एक्स८६ साठी व्होलटाइलला अक्वायर-रिलीजचा (अक्वायर: नंतरचं काही त्या रीडच्या आधी जात नाही; रिलीज: आधीचं काही त्या राइटच्या नंतर जात नाही) अर्थ देतो आणि आर्मसाठी डिफॉल्टने देत नाही. तिकडून आलेल्यांचा गोंधळ होतो तो यामुळे.

जुनाजाणता

मी थोडा वेगळा सूर लावतो. शून्यसंदर्भ, तुमचा रिंग बफर लॉकशिवाय का आहे, हे तुम्ही सांगितलेलंच नाही.

मी बरीच वर्षं ड्रायव्हरांचे पॅच तपासतो. बॅरियर दिसला की माझा पहिला प्रश्न हाच: इथे स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागेवर फिरत वाट बघायला लावणारा लॉक) का चालत नाही? लॉक घेणं म्हणजे अक्वायर, सोडणं म्हणजे रिलीज. दोन्ही बाजूंनी एकच लॉक घेतला की जोडीदार आपोआप ठरतो, कॉमेंट लागत नाही. थ्रेडच्या बाजूला स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह (त्या कोअरवरचे इंटरप्टही बंद करणारा) घ्या, नाहीतर लॉक धरलेला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला तर हँडलर कायमचा फिरत बसेल. लॉकलेस हवंच असेल तर आधी मोजमाप दाखवा की लॉकमुळे खरंच वेळ जातोय. बहुतेकांकडे ते मोजमाप नसतं.

आणि ते फर्मान काढणाऱ्यांवर मी इतका चिडणार नाही. बग थांबवणं हे पहिलं काम होतं, ते त्यांनी केलं.

अक्षता

जुनाजाणता यांच्याशी अर्धी सहमत. दोन्ही बाजूंना प्रोसेसर असेल तर लॉकच. पण डिव्हाइस तुमचा लॉक घेत नाही!

डीएमए डिस्क्रिप्टरचं (डिव्हाइसने स्वतः मेमरीत कुठे वाचायचं-लिहायचं ते सांगणारी नोंद) उदाहरण घ्या. आधी पत्ता आणि लांबी भरायची, मग डीएमए_डब्ल्यूएमबी, मग 'आता हा डिस्क्रिप्टर डिव्हाइसचा' असं सांगणारा बिट, आणि शेवटी राइटएलने (डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहिणारं फंक्शन) डोअरबेल, म्हणजे 'काम आलंय' असा इशारा. परतीच्या वाटेवर तो बिट आधी तपासायचा, मग डीएमए_आरएमबी, मग डेटा. यातली एक जरी पायरी उलटली तरी कार्ड अर्धवट भरलेला डिस्क्रिप्टर उचलतं आणि भलत्याच पत्त्यावर लिहितं.

इथे एसएमपी_ने सुरू होणारे बॅरियर वापरू नका. एका कोअरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये ते निव्वळ कम्पायलर बॅरियर (कम्पायलरला अडवणारे, प्रोसेसरला नाही) उरतात, आणि डिव्हाइस तर एका कोअरच्या मशीनवरही समोर असतंच.

मी पूर्वी जिथे होते तिथे कुणीतरी वेग वाढवायला डोअरबेलचं राइटएल काढून राइटएल_रिलॅक्स्ड केलं होतं. साधं राइटएल त्याआधीचे मेमरीतले राइट डिव्हाइसला दिसतील याची हमी देतं, रिलॅक्स्ड देत नाही. एक्स८६ वर काहीच फरक पडला नाही. आर्मवर मात्र ताण वाढला की पॅकेट बिघडायला लागली. दोष नेटवर्कमध्ये असेल म्हणून सगळे तिकडे शोधत होते.

आणि राइटएल परत आलं म्हणजे राइट कार्डापर्यंत पोचलं असंही नाही. पीसीआयवरचे राइट 'पोस्टेड' असतात, म्हणजे पोचल्याची पावती न घेता पाठवलेले. पोचल्याची खात्री हवी असेल तर त्याच डिव्हाइसमधून एक रीड करावं लागतं.

बिनीचा_बाण

अवांतर: डिव्हाइसचा विषय निघालाच आहे म्हणून. पॉवरपीसीमध्ये आय-ओचा क्रम राखणाऱ्या सूचनेचं नाव ईआयईआयओ आहे, 'ओल्ड मॅकडोनाल्ड' या बालगीतातल्यासारखं. मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने उच्चारून दाखवा 🙂

मूकवाचक

म्हणजे जो फक्त एक्स८६ साठी लिहितो त्याने निर्धास्त राहावं असा अर्थ घ्यायचा का?

रात्रपाळी

अजिबात नाही. पहिलं म्हणजे कम्पायलर एक्स८६ वरही ओळी हलवतो. एसएमपी_डब्ल्यूएमबी तिथे एकही सूचना निर्माण करत नाही, पण कम्पायलरला अडवतो, म्हणून लिहावाच लागतो.

दुसरं, एक्स८६ वर एक क्रम खरोखर उलटतो: आधी राइट आणि मग दुसऱ्याच जागेचं रीड. राइट स्टोअर बफरमध्ये (कोअरची स्वतःची तात्पुरती जागा) थांबतं, रीड पुढे निघून जातं. हे कुठे चावतं? झोपणं आणि उठवणं यात. सावकाश बघू.

झोपणारा थ्रेड आधी स्वतःची स्थिती 'झोपलोय' अशी लिहितो, मग काम आलंय का ते वाचतो, नसेल तर शेड्युलरकडे जातो. उठवणारा आधी 'काम आलं' असं लिहितो, मग समोरच्याची स्थिती वाचतो, झोपलेला असेल तर उठवतो. आता दोघांचे राइट आपापल्या स्टोअर बफरमध्ये अडकलेत असं समजा. झोपणाऱ्याला काम दिसत नाही. उठवणाऱ्याला समोरचा जागा दिसतो, म्हणून तो काही न करता निघून जातो. झोपणारा झोपतो आणि त्याला उठवायला पुन्हा कुणी येत नाही. काम समोर पडलेलं आहे, थ्रेड झोपलेला आहे, लॉगमध्ये एक ओळ नाही.

इथे डब्ल्यूएमबी चालत नाही, आरएमबी चालत नाही, अक्वायर-रिलीजही चालत नाही. राइटनंतरच्या रीडला अडवायला पूर्ण एसएमपी_एमबीच लागतो, आणि तोही दोन्ही बाजूंना. म्हणून झोपणाऱ्याची स्थिती लिहिणाऱ्या सेट_करंट_स्टेटच्या पोटात पूर्ण बॅरियर आहे, आणि उठवणाऱ्या फंक्शनमध्ये स्थिती वाचण्याआधीही आहे. लोक फसतात ते वेगळीकडेच: वेकअपचा खर्च वाचवायला आधी वेटक्यू_ॲक्टिव्हने रांगेत कुणी आहे का ते बघतात. त्या तपासणीत बॅरियर नाही. तो आधी स्वतः टाका, किंवा डब्ल्यूक्यू_हॅज_स्लीपर वापरा, त्यात तो आहे.

तिसरा_बिट

हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे एमबी स्टोअर बफर आणि कॅश रिकामी करून सगळं मेमरीत ढकलतो, बरोबर?

कर्नलगिरी

कॅश नाही. ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे लोक 'डेटा लवकर पोचावा' म्हणून बॅरियर टाकतात. प्रोसेसरांच्या कॅश एकमेकींशी सुसंगत असतातच, ते काम हार्डवेअरचा प्रोटोकॉल करतो. बॅरियर काहीही लवकर पोचवत नाही. तो इतकंच सांगतो की माझ्या आधीचं आधी दिसेल, नंतरचं नंतर. बॅरियर टाकणाऱ्या कोअरलाच थांबावं लागतं, समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तर समोर जोडीदार लागतो.

खर्चाचं सांगायचं तर एक्स८६ वर लिनक्सचा एसएमपी_एमबी आता एमफेन्स सूचना वापरत नाही. स्टॅकवरच्या एका जागेत लॉक लावून शून्य मिळवतो. परिणाम तोच आणि वेगही जास्त. डिव्हाइससाठीच्या साध्या एमबीमध्ये एमफेन्स अजून आहे, कारण राइट-कम्बाइनिंग मेमरीसारख्या प्रकारांना लॉकवाली सूचना पुरी पडत नाही.

जुनाजाणता

या गोष्टी मोठमोठ्यांनाही सरळ नव्हत्या. १९९९ मध्ये लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर वाद झाला होता: एक्स८६ वर स्पिनलॉक सोडताना लॉकवाली महाग सूचना हवीच, की साधं मूव्ह पुरे? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं ठाम मत होतं की साधं मूव्ह चालणार नाही. मग इंटेलच्या एका अभियंत्याने समजावलं की आधीची रीड-राइट नंतरच्या राइटच्या पुढे जाऊ शकत नाहीत, त्यामुळे साधं मूव्ह पुरेसं आहे. टोरवाल्ड्स यांनी ते मान्य केलं. आज ज्याला आपण सहज 'रिलीज' म्हणतो ती गोष्ट तेव्हा हार्डवेअरवाल्यांना विचारून घ्यावी लागत होती.

बिनीचा_बाण

आणि डेक आल्फा, तो डेक कंपनीचा जुना प्रोसेसर? त्याच्याशिवाय हा धागा पूर्ण कसा होणार!

कर्नलगिरी

येतो त्यावर, कारण मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. शून्यसंदर्भ, तुमच्या 'जोडीदार नसेल तर बॅरियर नको' या वाक्याला माझी एक दुरुस्ती आहे. जोडीदार असतोच, पण तो दर वेळी बॅरियरच असेल असं नाही.

आरसीयूमध्ये (वाचणाऱ्यांना लॉकशिवाय वाचू देणारी कर्नलची पद्धत) लिहिणारा नवी रचना भरून आरसीयू_असाइन_पॉइंटरने पॉइंटर प्रसिद्ध करतो, तो रिलीज आहे. वाचणारा आरसीयू_डीरेफरन्स करतो, आणि त्यात जवळजवळ सगळ्या प्रोसेसरांवर बॅरियरची एकही सूचना नाही. पॉइंटर हातात आल्याशिवाय त्यातलं फील्ड कुठून वाचायचं हेच प्रोसेसरला कळत नाही, तेच अवलंबन क्रम राखतं. अपवाद आल्फाचा. त्याच्या कॅशचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने चालू शकत: पॉइंटर नवा यायचा आणि त्याने दाखवलेल्या जागेतला मजकूर जुना. त्या एका प्रोसेसरसाठी कर्नलभर वेगळा बॅरियर लिहावा लागे. पुढे तो रीड_वन्सच्या पोटात ढकलला आणि बाकीच्यांची सुटका झाली.

दुसरं उदाहरण मेमबॅरियर या सिस्टीम कॉलचं, लिनक्स ४.३ पासूनचं. तिथे एका बाजूला फक्त कम्पायलर बॅरियर असतो. दुसरी बाजू क्वचित चालणारी, म्हणून सगळा खर्च तिच्यावर: ती कॉल करते आणि कर्नल बाकीच्या कोअरांवर पूर्ण बॅरियर घडवून आणतो.

तेव्हा कॉमेंटमध्ये 'जोडीदार: अमुक फंक्शनमधलं पॉइंटर-अवलंबन' असंही येऊ शकतं. ते तर जास्तच लिहायला हवं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

अक्षता

आणि कॉमेंट लिहून थांबू नका, तपासून बघा. लिनक्स ४.१७ पासून कर्नलच्या टूल्स फोल्डरमध्ये मेमरी मॉडेल आहे. हर्ड७ नावाच्या साधनाला चारपाच ओळींची लिटमस चाचणी द्यायची: हा थ्रेड हे लिहितो, तो थ्रेड ते वाचतो, शेवटी अशी स्थिती येऊ शकते का? ते सगळे शक्य क्रम काढून 'नेव्हर', 'समटाइम्स' किंवा 'ऑल्वेज' सांगतं. तुमचं हेड आणि नोंद म्हणजे तिथलं सगळ्यात पाठ केलेलं उदाहरण आहे. बोर्डावर रात्रभर चालवून बग आला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. मॉडेल मात्र स्पष्ट सांगतं.

शून्यसंदर्भ

सर्वांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

@जुनाजाणता, लॉक का नाही: हाच बफर दुसऱ्या एका वापरात एनएमआय हँडलरमधून भरला जातो, आणि एनएमआयला इंटरप्ट बंद करून अडवता येत नाही. त्यामुळे लॉक शक्य नाही.

@कर्नलगिरी, दुरुस्ती मान्य. नियम आता असा मांडतोय: जोडीदाराचा प्रकार आणि जागा, दोन्ही लिहायचं.

हँडलरमध्ये हेडसाठी एसएमपी_स्टोअर_रिलीज आणि थ्रेडमध्ये एसएमपी_लोड_अक्वायर केलं. आर्म६४ वर त्यांच्या सरळ एसटीएलआर आणि एलडीएआर या सूचना होतात, वेगळा डीएमबी (आर्मची बॅरियर सूचना) राहत नाही. कोड वाचायलाही सुटसुटीत झाला.

जुनाजाणता

एनएमआय असेल तर माझी हरकत मागे. पण टेलचं काय?

सगळे हेडबद्दलच बोलताहेत. रिंग बफरमध्ये दोन जोड्या असतात. थ्रेडने नोंद पूर्ण वाचून झाल्यावरच टेल सरकलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर हँडलरला जागा मोकळी वाटेल आणि थ्रेड वाचत असतानाच तो त्यावर नवी नोंद लिहील. म्हणजे टेलसाठी थ्रेडच्या बाजूला रिलीज. हँडलर टेल वाचतो, जागा आहे का बघतो आणि मग लिहितो. इथे रीडनंतर राइट आहे, त्यामुळे रात्रपाळी म्हणाले तसा 'इफ' क्रम राखतो, टेल रीड_वन्सने वाचलं असेल तर. तरी मी तिथे अक्वायरच लिहीन. कम्पायलरला 'इफ'च्या दोन्ही फांद्यांत तेच राइट दिसलं तर तो ते उचलून 'इफ'च्या वर नेतो, आणि मग तुमचा आधार गेला. एवढ्याशा खर्चासाठी तो धोका घेऊ नये.

शून्यसंदर्भ

आत्ता बघितलं. थ्रेडमध्ये टेल साध्या '++' ने सरकतंय आणि त्याच्या बरोब्बर वर त्या फर्मानातला एक एसएमपी_एमबी बसलाय. कॉमेंट नाही. बाकीचे काढताना तोही गेला असता.

अक्षता

@शून्यसंदर्भ, मग टेलचीही लिटमस चाचणी घाला. एकाच खान्याची रिंग पुरे: एक थ्रेड नोंद वाचून टेल लिहितो, दुसरा टेल वाचून नोंद लिहितो.

शून्यसंदर्भ

घातली. टेलला साधं राइट_वन्स ठेवलं तर 'समटाइम्स': थ्रेडने टेल आधी सोडलं आणि वाचताना त्याला पुढच्या फेरीची नोंद मिळाली. रिलीज केल्यावर 'नेव्हर'. आमच्या बोर्डावर हा प्रकार एकदाही दिसलेला नाही.

टेलच्या वरची कॉमेंट अशी लिहिली: 'नोंद वाचून संपल्यावरच खाना मोकळा दिसावा. जोडीदार: भरणाऱ्या फंक्शनमधला टेलचा लोड_अक्वायर.' हेडची तशीच, उलट दिशेने. दोन्ही लिटमस फाइली पॅचसोबत जोडतोय. बाकीचे एसएमपी_एमबी एकेका पॅचमध्ये एकेक काढणार, म्हणजे काही मोडलंच तर कोणता ते लगेच कळेल.

रात्रपाळी

एकेक काढताय हे उत्तम. वेकअपच्या वाटेवरचा मात्र शेवटी ठेवा, आणि तिथे वेटक्यू_ॲक्टिव्ह आहे का ते आधी बघा.